अंगणातला सदरा

भाऊबीजेच्या सकाळी हिंदी मुलखातल्या आमच्या कोटरा वसाहतीत दुधाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

“फाटक मीच उघडं ठेवलं, अपर्णा. फटाक्यांना भिऊन दोन्ही कुत्री पळाली.”

“तुम्हाला सवय कुठली? चंद्रपूरहून वर्षातून दोनदा येता.”

“रात्री मागच्या अंगणात साडी कशाला टाकलीस?”

“घरच्या माणसाचा वापरलेला कपडा ठेवला, की वासानं परततात म्हणे.”

“मग मीही शेजारी सदरा ठेवला.”

“पाहिला. पहाटे शेरू आला. साडी ओलांडून तुमच्या सदऱ्यावर झोपला.”

“मला उठवायचं नाही का?”

“तुम्ही आणि तो, दोघंही घोरत होतात. कुणाकुणाला उठवू?”

“पण माझा वास त्याला कसा ठाऊक?”

“हिवाळाभर तुमचा जुना स्वेटर घालून वावरते मी.”

“...कधी बोलली नाहीस.”

“फोनवर तुम्ही गॅस आला का, एवढंच विचारता.”

“आणि चिंगी?”

“ती यायचीय अजून. सदरा राहू द्या तिथंच.”

“उद्या गाडीत तोच घालणार होतो.”

“मग?”

“राहू दे. चिंगी येईपर्यंत रजा वाढवतो.”

“आणि आज आली तर?”

“तरी वाढवतो.”

रांग सरकली. ती खिडकीशी वाकली.

“भैया, आज से दो पॅकेट देना.”