सनदेला लावलेला शेंदूर

माझं माहेर धावड्याचं, डोंगराच्या पायथ्याशी. आमी भिल्लाचे, बाप दुसऱ्याच्या रानात राखणीला जायचा, अन् मला दिली ती वर घाटावर, नाईकाच्या घरात, म्हंजे मोठं घर बरं का, मोठं म्हंजे कुडाचंच, पण समदे भिल्ल भांडणतंटा घेऊन माझ्या सासऱ्याकडं यायचे, मोहाखाली बसून ते निवाडा करायचे, पोलीस बिलकुल वर चढत नव्हते. काय सांगू तुम्हाला भाऊ, लई मान होता.

तो कशानं, तर कागदानं. लई मागं कव्हातरी निजाम सरकारनं अन् आमच्या आज्या-पणज्यानं करार केल्ता, भिल्लांनी घाट राखायचा, वाटसरूच्या केसाला धक्का लागू द्यायचा न्हाई, अन् त्याच्या बदल्यात डोंगरावरचा मोह, डिंक, गवत, जळण भिल्लांचं, आपसातले निवाडे बी भिल्लांचेच. ती सनद देव्हाऱ्यात ठिवलेली. वाचता कुणालाच येत नव्हतं, फारशीत होती म्हणे. दर दसऱ्याला घरच्या सुनेनं तिला तेल-शेंदूर लावायचा, सासूनं लावला, तिच्या सासूनं लावला, मंग मी लावू लागले, अन् माझा हात सढळ, मला वाटायचं जितका जास्ती तितका देव खूश. येडीच होते मी.

मंग जंगलवाले आले, हद्दीचे दगड रोवले, म्हणले हे सरकारी जंगल हाये, मोह वेचायचा न्हाई, जल्दी घाट खाली करा. सासरे म्हणले आमच्याकडं कागद हाये. तर म्हणले दाखवा कचेरीत. मंग सासरे अन् मी तालुक्याला गेल्तो. मी कशाला, तर देव हलवायचा तर सुनेनंच, ही आमची रीत. फडक्यात बांधून डोक्यावर नेला.

मुन्शीनं फडकं सोडलं अन् बघतच राह्यला, शेंदराची नुसती ढेप! नखानं खरवडलं तर कागदच निघून आला, शाई न्हाई काही न्हाई, कोपऱ्यात शिक्क्याचा गोल तेवढा दिसला. म्हणला हे काय केलंत? सासरे म्हणले साहेब, देव हाये तो. म्हणला देव बराबर हाये, पण लिव्हलंय काय? समदी कचेरी हसली. सासऱ्यांनी अख्खी सनद तोंडपाठ म्हणून दाखवली, तर मुन्शी म्हणतो, तोंडाला शिक्का नसतो. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वाटेत रडत म्हणलं, मामा, माझ्या हातानं झालं हो. ते म्हणले, तू न्हाई बाई, आपण समद्यांनीच लई जपलं.

पुढं सासरे गेले, मंग निजामाचं राज बी गेलं. नवे साहेब आले, म्हणले आता तुमचंच राज. म्हणलं मंग मोह वेचू का? तर म्हणले, जुन्या सरकारचा हुकूम बघावा लागंल. आता बोला! राज आमचं तर परवानगी कुणाची, अन् जे सरकारच गेलं त्याचा हुकूम कसा चालून राह्यला? अन् सासरे म्हणायचे तेच कागदात होतं का, ह्याची बी आता खात्री वाटत न्हाई. डोस्कंच चालत न्हाई भाऊ. अजून तरी हाओत घाटावर, उद्याचं कुणी सांगावं.

माझा लेक मात्र बाजाराच्या दिवशी घाटात राखणीला उभा ऱ्हातो, ना पगार, ना हुकूम. म्हणलं कशाला रं? तर म्हणतो, आई, आपल्या बाजूनं करार कशाला मोडायचा.

चला, ऊन उतरलं. तो येईल तुमच्यासंगं खालपर्यंत. सुखरूप जावा, आमच्या घाटात भ्यायचं काही कारण न्हाई.