सालोमीबाईचा डावा हात

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवावर भरवसा असलेल्या माणसाला भीती वाटावी का? — थांबा, माना हलवू नका इतक्यात! पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, घरी भात करपेल — ती भीती नव्हे! पोटात गोळा येतो, ओठ सुकतात, देवाचं नाव घ्यावं तर तेही घशात अडकतं — ती! ती वाटली, तर विश्वास संपला का?

ऐका.

आमच्या भागात मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. तिथं सालोमीबाई ओहोळ नर्स. बावीस वर्षं जखमा धुतल्या बाईनं! हात मऊ, जीभ मात्र — जरा कडक! नवा रोगी रडत आला की उभ्या उभ्या म्हणायची, "रडायचं काय त्यात? गोळ्या घ्या, बरा होतो रोग. देवावर विश्वास नाही का?" — आणि निघाली पुढच्या खाटेकडे! खोटं बोलली का? अक्षर न् अक्षर खरं! पण मंडळी, खरं सांगणं आणि धीर देणं — एकच का हो?

एका दुपारी घरी दूध तापत होतं. बाई उजव्या हातानं फळीवरची साखर काढतेय. वास आला — काहीतरी जळतंय! दूध पाहिलं, ठीक. फडकं पाहिलं, ठीक. मग खाली नजर गेली... तापलेल्या पातेल्याला तिचाच डावा हात टेकलेला! कातडी भाजतेय — आणि दुखत नाही!

दुखत नाही, मंडळी! आपण रोज म्हणतो, देवा, दुखणं नको. आणि ही बाई चुलीपाशी उभी राहून म्हणतेय — देवा, एकदा तरी दुखू दे! चिमटा काढला. काही नाही. ही खूण महारोगाची, हे तिला डॉक्टरनं सांगायला नको होतं.

मग गेली का डॉक्टरकडे? छे! लांब बाह्यांचे झंपर शिवले — ऐन वैशाखात! लेकीचं तान्हं बाळ मांडीवर घेईना. स्वतःचं ताट वेगळं ठेवलं. 'बरा होतो' असं जगाला सांगणारी बाई, पण स्वतःला ते पटेना! प्रार्थनेला गुडघे टेकले की एकच शब्द — "नको... नको..." असे चार महिने!

दवाखान्यात ठकूबाई म्हणून जुनी रोगी होती. बोटं झिजून आखूड झालेली. एका सकाळी पट्टी बांधून घेताना म्हणाली, "सिस्टरबाई, गाठ ढिली बसतीय तुमची. करंगळीबी वाकडी दिसतीय. बाही वर करा."

"काही नाही गं."

"मीबी हेच म्हनत हुते. सात वर्सं म्हनले. बघा माझी बोटं!"

बाईनं बाही वर केली. ठकूबाईनं दोन्ही तळव्यांत कापूस धरला. "मिटा डोळं. लागलं की सांगा."

बाईनं डोळे मिटले. वाट बघतेय... बघतेय... शेवटी चिडलीच — "अगं, लाव की एकदाचा!"

ठकूबाईनं कापूस खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाई... तीनदा लावला."

सालोमीबाई तिथंच खाटेवर बसली. "ठकू, मला फार भीती वाटते गं!"

ठकूबाईनं उपदेश केला का? नाही! आखूड हात तिच्या पाठीवर ठेवले. "वाटंलच की, बाई. चला, डागदराकडं मी येते संगं."

दोघी गेल्या. वर्षभर गोळ्या चालल्या, रोग गेला. करंगळी वाकडी राहिली, ती राहिलीच. पण त्यानंतर नवा रोगी आला की सालोमीबाई आधी त्याच्या शेजारी बसायची. बोलायची नंतर.

ती स्वतः मला म्हणाली, "बावीस वर्षं मी प्रभूचा क्रूस पाहिला, पण त्याआधीची बाग पाहिली नव्हती. मरणाच्या आदल्या रात्री, प्रार्थना करताना, तिथं तोही व्याकूळ झाला होता हो. तोही देवबापाला म्हणाला होता, हे टळू दे. म्हणजे माझं 'नको' त्याला नक्की कळलं असणार. पूर्वी मी त्याच्याविषयी बोलत होते. आता त्याच्याशी बोलते."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. इथं एखाद्या बहिणीच्या छातीत गाठ आहे — नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एखाद्याच्या खिशात रिपोर्ट घडी घालून ठेवलाय — उघडायचं धाडस नाही. मला दिसत नाही, देवाला दिसतं! घाबरलात म्हणून तुम्ही अविश्वासू ठरत नाही. पण एकट्यानं घाबरू नका! आणि ज्यांना कशाचीच भीती वाटत नाही — हो, तुम्हीच, पुढच्या रांगेतले! — कुणी रडलं तर वचनं ऐकवायची घाई करू नका. चप्पल घाला आणि त्याच्याबरोबर चालायला लागा.

जयजयकार आज उशिरा करू. आधी शेजारी कोण बसलंय, ते बघा.