भाऊजींचा लाल आकडा

बायकोपासून नफा लपवाचा असन, तर साळ्याले चहाले बोलवू नका राजेहो!

पिपरीले माझी ताई राह्यते. तिनं सोन्याच्या पाटल्यांचं नाव काढलं की भाऊजी लॅपटॉप उघडून एक्सेलमधला लाल आकडा दाखवत. "पाह्य, पाचशेचा शेअर दीडशेवर आला. पार बुडालो!"

परवा मी गेलतो, तर ताई म्हणे, "काही उरलं का त्यात, पाह्य बरं."

भाऊजी म्हणे, "राहू दे, चहा घे."

मी पाह्यलं. म्हटलं, "भाऊजी, हा शेअर बुडाला नाई, फुटला! कंपनीनं स्प्लिट करून एकाचे पाच केले. तुम्ही जुनीच खरेदी ठेवली. शेअर पाचपट करा अन् खरेदीच्या किमतीले पाचनं भागा."

भाऊजी टेबलाखालून माझा पाय दाबून राह्यले होते. मले वाटलं, शाबासकी देऊन राह्यले. मी दोन आकडे बदलले. लाल रक्कम हिरवीगार झाली.

भाऊजी भडकलेच. "तुले कोनं सांगितलं होतं? मले काय स्प्लिट समजत नाई?"

ताईनं शांतपणे त्यायच्या पुढचा कप उचलला.

"शेअर कधी फुटला ते मले माहीत नाई. बिंग मात्र आत्ता फुटलं. उठा, सराफाकडे जाऊ."