खंडेनवमीला गेलेली १.००

दिनांक ४ ऑक्टोबर २०२५, शनिवार, दुपारी १२.५० वाजता.

मी सॅम्युअल रायसिंग गावित, वय ४१ वर्षे, धंदा टीव्ही, मोबाइल व व्हिडिओ गेम दुरुस्ती, राहणार विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारलेले आणि न विचारलेलेही सांगतो ते असे.

विसरवाडी येथे हायवेला लागून माझे दुकान आहे. दुकानात नवनीत हिंमतराव पाटील, वय ४३, हा माझा भागीदार आहे. भागीदारीस बारा वर्षे झाली. आजपर्यंत आमच्यात भांडण नव्हते. आज माझी तक्रार त्याच्याविरुद्ध आहे. तो ठाण्याबाहेर बाकावर बसला आहे. मला त्यानेच मोटारसायकलवरून आणले, कारण माझी गाडी पंक्चर आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार रूपाली मॅडम यांनी चोरीस काय गेले असे विचारले. मी १.०० असे सांगितले. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणून खुलासा करतो.

हातात धरून खेळायचा एक कन्सोल चौदा वर्षांपूर्वी बाजारात आला. कंपनीचे नाव लिहू नये, माझी विनंती आहे. ते नाव तोंडात घेतले की मला शिसारी येते. कन्सोलच्या पोटात कंपनीने भरलेला मूळ प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनी त्यात बदल करते आणि प्रत्येक बदलाला नवा आकडा देते. यंत्रावर नवा आकडा चढला की जुना कायमचा पुसला जातो. मागे जाता येत नाही. तशी सोय कंपनीने मुद्दाम ठेवलेली नाही.

कंपनीच्या यादीत पहिली आवृत्ती १.१० आहे. ही शुद्ध थाप आहे. १.१० च्या आधी काहीच नव्हते तर कन्सोल काय नुसत्या हवेवर चालत होते? आपण केलेल्या पहिल्या चुका पुसायच्या आणि वर शहाजोगपणे सांगायचे की आम्ही जन्मतःच दहाव्या पायरीवर होतो! मला या प्रकाराची किळस येते आणि ती जबाबात लिहावी. म्हणून गेली सहा वर्षे मी १.१० च्या आधीच्या आवृत्त्या शोधत आहे. १.०४ मला सुरतेच्या भंगारात मिळाली. १.०१ तळोद्याच्या एका जीपवाल्याकडे मिळाली, काच फुटलेली, पण आत सगळे शाबूत.

१.०० मोलगीला मिळाली. करमसिंग म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या भावाने तो कन्सोल पहिल्याच महिन्यात परगावाहून आणला होता. तेव्हा वर डोंगरात नेटवर्क नव्हते, म्हणून यंत्राला कधी नेट लागले नाही आणि आकडा कधी चढला नाही. लोक मोलगीला मागास म्हणतात. कारखान्यातून निघालेली पहिली आवृत्ती त्या मोलगीनेच सांभाळली, कंपनीने नाही. करमसिंग यांनी तो मला एका मिक्सरच्या बदल्यात दिला. बाजाराचा दिवस होता, जीप भरलेली होती, मी तो छातीशी धरून टपावर बसून खाली आलो.

पुण्याचे भाग्येश नावाचे गृहस्थ जगभरच्या आवृत्त्यांची यादी ठेवतात. आवृत्त्या जमवणाऱ्या लोकांत त्यांच्या यादीला मान आहे. त्यांचा नियम असा की फोटो चालत नाही, यंत्र डोळ्यांसमोर सुरू करून दाखवायचे, मग ते आतला प्रोग्राम उतरवून घेणार आणि मगच नोंद. तीन वर्षे मी त्यांना सांगत होतो की माझ्याकडे १.०० आहे. तीन वर्षे ते म्हणत होते, "विसरवाडी? हे नक्की कुठे आलं?" यादीतल्या इतर लोकांनी मला थापाड्या म्हटले. एकाने लिहिले की गावाकडच्या लोकांना दशांश चिन्ह कळत नाही. अशा माणसांशी सहा वर्षे गोड बोलत आलो याची आता मला ओकारी येते. शेवटी भाग्येश यांनी आजची तारीख दिली. ते यंत्र हाच माझा एकमेव पुरावा होता.

यंत्र मी दुकानात काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवत असे. त्यावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असे लिहिले होते. महिन्यातून एकदा मी स्वतः ते चार्ज करायचो, घड्याळ लावायचो आणि बंद करायचो. कपाटाला कुलूप नव्हते. नवनीतवर विश्वास होता.

आता खंडेनवमीचे सांगतो. नवनीतकडे यंत्रपूजेची रीत आहे. त्या दिवशी सोल्डरिंग गनपासून ग्राइंडरपर्यंत सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागते. त्याची आई भिकुबाई, वय ७१, ही पूजा करते. मी ख्रिस्ती आहे, पण बारा वर्षे बाजूला उभा राहतो आणि खोबरे खातो. मी तिला भिकुमाय म्हणतो. तिचा एक नियम आहे की यंत्र आधी सुरू करायचे आणि मगच कुंकू लावायचे. बंद यंत्राला कुंकू लावणे तिला मढ्याला लावल्यासारखे वाटते. त्यामुळे माझा कन्सोल तीन वर्षे पूजेत नव्हता, कारण तो सुरू करू नका असे मीच सांगितले होते.

यंदा १ ऑक्टोबरला पूजा दुपारी बारा वाजता ठरली होती. नवनीत फुले आणायला नवापूरला गेला. मी सव्वाअकराच्या सुमारास बसस्टँडवर पार्सल घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा पूजा होत आली होती आणि माझ्या कन्सोलवरही कुंकू होते. पडदा काळा होता, म्हणून मला वाटले की बंद यंत्रालाच लावले. राग आला, पण कुंकू पुसता येते, म्हणून गप्प बसलो.

आज सकाळी साडेदहा वाजता भाग्येश आले. सोबत दोन पेट्या भरून साहित्य होते. मी कन्सोल सुरू केला. पडद्यावर आवृत्ती ३.७४ अशी आली. मी बंद करून पुन्हा सुरू केला. ३.७४.

भाग्येश हसले. "हरकत नाही हो, होतं असं कधी कधी," असे म्हणाले आणि पेट्या न उघडता, चहा न घेता निघून गेले. त्यांनी शिवी दिली असती तरी चालले असते. ते हसू अजून माझ्या अंगावर चिकटल्यासारखे वाटते. यादीत माझ्या नावापुढे काय लिहिले जाईल ते मला ठाऊक आहे.

मी नवनीतला विचारले की कपाटाला कोणी हात लावला. तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "मीच लावा, भो. लिखी दे मन्हं नाव." मी त्याची कॉलर धरली. माझ्या बायकोने, लिडियाने, मला मागे ओढले. बारा वर्षे एका ताटात जेवलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना इतका वीट आला. त्याने उलट हात उचलला नाही. उलट म्हणाला, "चाल, मी सोडस ठाण्यावर." अशा माणसाला निर्लज्ज नाही तर काय म्हणावे?

यावर रूपाली मॅडम यांनी विचारले की आकडा नेमका किती वाजता बदलला. मी म्हणालो, ते यंत्रातच लिहिलेले असते. मॅडम म्हणाल्या, "मग बघा की! सहा वर्षं हेच करताय ना?"

कन्सोल सोबत आणला होता. टेबलावर सुरू करून मॅडमसमक्ष बघितले. बदलाची वेळ १ ऑक्टोबर, ११ वाजून ४४ मिनिटे अशी आहे. नेट लागलेले नाही. खेळाचे कार्ड आत आहे. या कार्डांत खेळासोबत नवे फर्मवेअरही असते. कार्ड घातले की यंत्र विचारते, हा खेळ खेळायचा तर फर्मवेअर बदलावे लागेल, बदलू का? इंग्रजीत विचारते. हो म्हटल्याशिवाय काही होत नाही.

नवनीतला आत बोलावून ११.४४ ला कुठे होता असे विचारले. तो पुन्हा "मीच दाबं" असे म्हणाला. मॅडमनी त्याचा मोबाइल मागितला. त्यात ११.४० ला नवापूरच्या फूलवाल्याला ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आहे. नवापूरहून विसरवाडीस चार मिनिटांत येणे कोणालाही शक्य नाही. त्या वेळी दुकानात कोण होते हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

मॅडमनी माझाही मोबाइल बघायला सांगितला. मी म्हणालो, माझा कशाला? तरी बघितला. ११.२२ पासून भाग्येश यांच्याशी बोलणे चालू होते. ते १.०१ बद्दल शंका काढत होते आणि मी बसस्टँडवर उभा राहून त्यांच्याशी वाद घालत होतो. मधेच ११.४३ ला एक फोन आला आहे. नाव भिकुमाय. बोलणे १४ सेकंद.

मॅडमनी भिकुबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू ठेवला. काय झाले आहे ते सांगितले नाही, फक्त खंडेनवमीला त्या पेटीचे काय केले ते विचारले. भिकुबाई म्हणाली, "कोन, पोलीसवाली बाई शे का? आगे माय! तीन वरीस व्हयनात, सॅम्युअलनी पेटी बिगर कुकूनी ऱ्हायनी. समद्या मशीनीस्ले लावानं आन् त्या एकलीले नही? मन्हा जीवले बरं नही वाटे. नवनीत कसा चालू करस ते मी देखेल शे. कार्ड टाकं, चालू करी. मंग ती पेटी काहीतरी इचारी ऱ्हायनी. माले इंग्रजी येस का? म्हनीसन मी सॅम्युअललेच फोन करा. त्यानी सांगं, हां माय, हां कर, फोन ठेव. मंग मी दाबं."

मग तिने विचारले, "काही बिघडनं का वं बाई?"

मॅडमनी माझ्याकडे बघितले. मी फोन जवळ ओढला आणि काही बिघडले नाही असे सांगितले. भिकुबाई म्हणाली, "चाल, मंग घर ये जेवाले. कळन्यानी भाकर करेल शे." फोन बंद झाला.

ते चौदा सेकंद मला आठवतात. पुण्याच्या माणसाला ताटकळत ठेवायला नको म्हणून मी तिचे काही ऐकलेच नाही. ज्याने तीन वर्षे माझे ऐकले नाही त्याच्यासाठी, तीन वर्षे माझ्या पेटीची काळजी वाहिलेल्या बाईला मी 'फोन ठेव' म्हणालो. सकाळपासून कंपनीची, यादीची, भागीदाराची किळस सांगत आलो. आता सगळ्यात जास्त कोणाची येते ते वेगळे लिहायला नको.

मी नवनीतला विचारले की आईचे नाव का लपवले. तो म्हणाला, "तुन्हं तोंड देखं, भो. तू तिले काही बोलता तं मी सहन नही करता. मन्हावर वरड, काही हरकत नही."

तरी माझी विनंती अशी की वर आरोपी म्हणून लिहिलेले नवनीत हिंमतराव पाटील याचे नाव खोडावे. भिकुबाईचे नाव त्या जागी लिहू नये. माझे लिहावे. मॅडम म्हणाल्या की एकाच माणसाला फिर्यादी आणि आरोपी करता येत नाही आणि चोरीही झालेली नाही, त्यामुळे फक्त जबाब घेऊन प्रकरण बंद करू. मोलगीच्या करमसिंग यांना मी स्वतः जाऊन सांगेन. कन्सोल ताब्यात परत मिळाला. त्यावर ३.७४ आहे आणि कुंकू आहे. कुंकू पुसलेले नाही.

हा जबाब रूपाली मॅडम यांनी मराठीत वाचून दाखवला. वाचताना माझा फोन दोनदा वाजला, तो मी घेतला नाही. शेवटी त्यांनी हे सर्व बरोबर आहे का असे विचारले. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण ऐकून घेतले आणि मगच हो म्हणालो.

सही : सॅम्युअल रायसिंग गावित
समक्ष : नवनीत हिंमतराव पाटील