भिंतीवरचं आभाराचं पत्र

—नाही हो, बसा तर खरं! पोलिसांना आम्ही दारातून परत पाठवत नाही. चान्थी म्हणालात ना नाव? मी केल्विन, ह्या बोल्स क्लबचा — हिरवळीवर गोळे घरंगळवायचा आमचा म्हाताऱ्यांचा खेळ — अध्यक्ष, अकरा वर्षं — दुसरं कोणी उभंच राहत नाही, करणार काय. तर लिहून घ्या, आमचा सभासद डेस प्रायर म्हणजे देवमाणूस. कोर्टात मी स्वतः सांगणार आहे, टाय लावून. आणि मला एक सांगा — गुन्हा, म्हणजे झालाच असेल तर हं, कंबोडियात. आणि कोठडी, खटला सगळं ब्रिस्बेनला! उद्या मी बालीत केळ्याचं साल टाकलं तर इथे घरी येऊन धरणार का मला? कायदाच आहे? असेल, असेल. पार्लमेंटात बसून दुसरं करायचं काय त्यांनी!

अहो, दर हिवाळ्यात जायचा तो. आम्ही इथे गुडघे शेकत बसलेलो, आणि हा तिकडे गरिबांच्या पोरांना बूट वाटत फिरतोय! बूट कोणाचे? आमचे. दर शुक्रवारी मटणाच्या ताटाची सोडत असते ना, त्या तिकिटांतून. आता पेपरवाले लिहितात, पोरांना तो खोलीवर बोलवायचा. मग? बूट काय भर रस्त्यात घालून बघायचे? मुलांचं वेडच त्याला. आमच्या टिलीला, नातीला, सांभाळतो म्हणाला होता एकदा — तुम्ही दोघं खुशाल सिनेमाला जा. पण नोलीन, बायको माझी, तोंडावर नाही म्हणाली. मला म्हणते, केल्विन, ह्या माणसाजवळ पोरीला एकटं सोडायचं नाही. बायकांना काय, कुणाबद्दल काहीही वाटतं! सोडली नाही म्हणा आम्ही, कधीच. ते वेगळं हो, ती आपली. तिकडच्यांना निदान बूट तरी मिळत होते.

ते होय? ते आभारपत्र. तिकडच्या एका पोरीनं क्लबच्या पत्त्यावर पाठवलेलं. आम्हाला कुठलं ते कंबोडियन वाचता येतंय! डेसनंच सांगितलं, बुटांबद्दल आभार मानलेत म्हणून. भिंतीवर कशाला लावता म्हणाला — लाजाळू बिचारा. मीच खिळा ठोकला. अक्षर बघा कसं, वेलबुट्टी नुसती! तुम्हाला येतं वाचायला? आई तिकडची, तिनं शिकवलं? अगं पोरी — माफ करा, मॅडम — मग वाचा की मोठ्यानं! हातमोजे कशाला? काच कालच पुसलीय नोलीननं.

काय? ‘बूट परत घ्या’? असं कसं... पुढे वाचा. ‘ह्या माणसाला पुन्हा पाठवू नका.’

तारीख आहे त्यावर? पाच वर्षं. म्हणजे त्यानंतर आम्ही त्याला... पाच वेळा...

न्या. फ्रेमसकट न्या. मला क्लब बंद करायचाय, निघा आता. निघा म्हणतोय ना! — थांबा, मॅडम. ती मघाची, टिलीची गोष्ट... ती लिहून घेतलीत का? तेवढी खोडा ना.