कप्तानाच्या तोंडचं वाक्य

नाही, बस तू, बटाटे सोलता सोलता मला बोलता येतं — उभा जन्म त्यातच गेला, आधी पलटणीत, आता या कारखान्याच्या कँटीनमध्ये — आणि हो, वाचली तुझी कादंबरी, सगळी वाचली, विचारलंस म्हणून सांगतो. भाच्याचं कौतुक करायला मामाचं काय जातंय, पण करण्यासारखं हवं ना. तुझा तो शिपाई पहिल्या लढाईनंतर दोस्ताच्या प्रेताशी बसून काय म्हणतो — ‘आज माझ्यातलं लहान मूल मेलं’ — आणि मग दीड पान बोलतो. दीड पान. कोण बोलतं रे असं? तिथे बुटातलं पाणी ओतायला फुरसत नसायची. आपण उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर प्रस्तावनेत लिहायचं, मामांच्या आठवणींवरून. माझ्या आठवणीत असलं भाषण कुणी ठोकलेलं नाही.

आमच्या पलटणीतल्या आळणीवरून उचललास ना तो पोरगा? मग नीट उचलायचास. त्याला आळणी का म्हणायचे — ताटात पडायच्या आधीच हा म्हणणार, ‘आचारीबुवा, आजपण आळणी.’ रोज. आपली आई मीठ कधी घालते, किती घालते, हे मला शिकवायचा — मला. मी डाव उगारायचो, अख्खी रांग हसायची. मग पहिली लढाई झाली, दोन दिवसांनी परत आले सगळे, आणि त्या दिवशी माझ्या हातून रश्शात मीठ पडलंच नव्हतं. अजिबात नाही, मी मागाहून चाखला आणि थुंकला. आळणीने ताट पुसून खाल्लं, उठला, म्हणाला, ‘छान झालंय.’ आणि गेला ताट धुवायला. बस, एवढंच लिहायचं होतं तुला. पोरगं गेलं ते तेव्हाच गेलं, गोळी नंतर लागली. मी डाव धरून उभा — म्हटलं, अरे भांड की, काहीतरी बोल — मनातच म्हटलं, मोठ्याने कुठलं म्हणतोय.

आणि पान एकशे बारा. हां, तेच. रसद आलेली नाही, अडतीस जण मेल्याची खबर येते, आणि कप्तान म्हणतो, ‘बरं झालं, आज जेवण पुरेल.’ वाचणारा थुंकेल त्याच्यावर असा रंगवलायस, सोन्याचा दातसुद्धा त्याचाच ठेवलास. म्हातारा जिवंत आहे रे, मागच्या गल्लीत राहतो, वाचनालयात नवं पुस्तक आलं की पहिलं तोच उचलतो. ओळखणार नाही होय? काय? मीच सांगितलं होतं? सांगितलं ना, तुझ्या आईसमोर, हसत हसत, एकदा नाही, दहादा सांगितलं. सांगणारा काय, वाटेल ते सांगतो. लिहिणाऱ्याला अक्कल नको? — कप्तान तसं बोलला नाही. तो तिथे नव्हताच, पडलेल्यांना आणायला गेला होता, स्वतः गेला होता.

मग कोण? काय विचारतोस, मग कोण. गाडी दोन दिवस आली नव्हती, बटाटे होते जेमतेम शंभरांना पुरतील एवढे, सकाळपासून मला तीच विवंचना. वायरलेसवाला तंबूत आला, म्हणाला, अडतीस कमी धर. निघून गेलं माझ्या तोंडातून. तो हसला, मीही हसलो, असे हसलो की पोट दुखलं. आळणी त्यात होता हे मला नंतर कळलं — नाही, आता खोटं कशाला, नावं वायरलेसवाल्याने आधी वाचून दाखवली होती. सगळी वाचली. मग मी बोललो. आणि पुरलं त्या दिवशी, उरलंसुद्धा. मग इतकी वर्षं ते कप्तानाच्या नावावर खपवलं — आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून — आणि आज बसलोय तुझ्या शिपायाला नावं ठेवत.

छापायला उद्या जातंय ना? मग आज बदल. दात काढ, कप्तान काढ, आचारी लिही. आचारीच लिही, दुसरा कुणी शोधू नकोस. असा बघू नकोस माझ्याकडे. आईला काय सांगू म्हणजे? वाचता येतं तिला, वाचेल ती. ऊठ आता, बाराचा भोंगा होईल. ऊठ म्हटलं ना.