चौथी खोली

— “भिंत बोलेल एक वेळ, पण ही बोलायची नाही. त्या मोजणीवाल्यापुढे हिलाच उभी करा” — हे सासूबाईंचे शब्द बरं का, माझे नाहीत. सकाळी स्वयंपाकघरात सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी मागच्या दारात रिकामी बादली घेऊन उभी. त्यांना वाटलं मी नळावर आहे. पाणी गेलं होतं म्हणून परत आले, एवढंच. मुद्दाम कान लावायची सवय नाही मला. तुम्ही विचारलंत ना आत्ता, घरातलं मोठं माणूस का नाही आलं बरोबर म्हणून — तर हे असं आहे. मोठी माणसं आहेत की, दोन आहेत, बाहेरच्या खोलीत, त्यांच्याबरोबरच तर चहा प्यायलात. पण या खोलीत तुमच्याबरोबर मीच यायचं असं ठरलंय. द्या, धरते मी टेपचं टोक. इथं टेकवायचं? कोपऱ्यात? थांबा हं, फळ्या आहेत, मागून हात घालावा लागतोय. हां. धरलं.

ही अडगळीची खोली आहे — झालं, सांगितलं. एवढंच वाक्य होतं माझ्या वाट्याला. लग्न होऊन आले त्याला चार महिने झाले आणि या घरात मी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ‘मीठ संपत आलंय, आणायला हवं’ हे असेल. तेव्हा माझी निवड चुकीची नाही म्हणा. सासरे आले असते तर घोटाळाच झाला असता. ते मास्तर होते, खोटं बोलणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं केलं त्यांनी — खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कानच लाल होतात. आणि सासूबाई आल्या असत्या तर त्यांनी तुम्ही न विचारलेल्याचीही उत्तरं दिली असती. राहिले कोण? मी. घरात एक नवं भांडं आलेलं असतं, अजून कुठल्या फळीवर ठेवायचं ते ठरलेलं नसतं, तसं. मग कुठंही चालतं.

काय बघताय? दार? हो, खडूनं लिहिलंय. सासऱ्यांनी. काल दुपारी स्टूल घेऊन बसले आणि लिहिलं, आधी दोरीनं रेघ आखून — ‘अडगळीची खोली’. काय अक्षर आहे ना? वेलांटी बघा, कशी वळलीय. सासूबाई म्हणाल्या, “अहो, स्वतःच्या घरातल्या अडगळीला पाटी कोण लावतं?” तर म्हणाले, “वर्गावर वर्गाचं नाव असतंच.” आता बोला. मला हसू आलं होतं, पण मी पदर तोंडावर धरून आत गेले. पुसून टाकावं असं कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही — इतकं सुंदर अक्षर पुसवतं होय?

नाही, पडदा तो — पडदा माझा आहे. म्हणजे मी शिवलेला. अडगळीला पडदा कशाला, खरं आहे तुमचं. तो काढायचा राहिला. बाकी सगळं काढलं हो सकाळी. आरसा काढला, माझी पेटी स्वयंपाकघरात गेली, यांचे शर्ट बाहेरच्या खुंटीला. गादी गुंडाळून सुतारकाकांच्या माडीवर — शेजारचे सुतारकाका, या फळ्याही त्यांच्याच. सगळ्या गल्लीनं पाहिली नव्या जोडप्याची गादी डोक्यावरून जाताना. कुणी हसलं नाही. हसणार कोण, ज्याच्या त्याच्या घरी हेच चाललेलं. फक्त पलंग तेवढा गेला नाही. लग्नाआधी सुतारकाकांनी तो इथंच आत जोडला होता, दारातून निघत नाही, आणि खोलून परत तसाच बसेल याची ते हमी देईनात. मग सासूबाईंनी तोडगा काढला, त्याच्यावरच रचा फळ्या म्हणाल्या. तेव्हा खाली वाकू नका — वाकलात. बरं. दिसलेच पाय पलंगाचे. कोरीव आहेत ना? काकांनी हौसेनं केलेत.

आता टेप सोडू का? हात अवघडलाय.

रागावू नका हं. तुमच्यावर हसत नाहीये मी. आणि या घरातली माणसं लबाड नाहीत हो, खरंच नाहीत — दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिले तर सासरे उन्हात परत जाऊन देऊन येतात. पण तो कायदा झाला ना. ज्या दिवशी पेपरात आला त्या दिवशी सासऱ्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला होता आम्हाला. पहिल्या पानावर होतं — यापुढे ज्या वस्तीची जेवढी घरपट्टी जमेल तेवढं त्या वस्तीतल्या शाळांना अनुदान. इतके खूश झाले! “आता शाळेला कुणाच्या दारात उभं राहायला नको,” म्हणाले, “आपल्या घरातून आपल्या शाळेला.” मग पान उलटलं. आतल्या पानावर उरलेला कायदा. निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनची वाढ गोठवली, आणि निवृत्त माणसाच्या घराला पट्टीतली जी सूट होती ती ठेवली — पण तीन खोल्यांपर्यंतच. चौथी खोली निघाली की सूट गेली, सगळ्या घराला पूर्ण पट्टी. आणि बाकीच्या गल्लीला खोलीगणिक पट्टी. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, परत तेच वाचलं. मग पेपर घडी घालून उशीखाली ठेवला. उशीखाली! जसा काही तो तिथं झोपून सुधारणार होता.

बाहेरची एक, स्वयंपाकघर दोन, त्यांची झोपायची तीन. आणि ही चौथी. ही आमच्यासाठी बांधली, माझ्यासाठी — सून येणार म्हणून. मी आले नसते तर हे घर तीन खोल्यांचं असतं आणि सूट राहिली असती. असं कुणी बोलून दाखवलेलं नाही, उगाच कशाला खोटं सांगू. पण परवा सासूबाई भांडी घासताना म्हणाल्या, “घाईच केली आपण जरा.” कशाची ते नाही म्हणाल्या. मी तवा पुसत राहिले.

हो, पोरगा आहे ना कमावता. आमचे हे त्याच शाळेत आहेत, सासऱ्यांच्याच — ते ज्या वर्गावर होते त्याच वर्गावर. तुम्ही म्हणाल, मग भरेल की पोरगा पट्टी. सासूबाईही तेच म्हणतात, पोराच्या जिवावर किती ओझं टाकायचं, म्हणूनच हा खटाटोप. त्यांना ठाऊक नाही. मी सांगू नये खरं तर. तुम्ही परके आहात म्हणून — आणि तुम्ही गप्प आहात ना, गप्प माणसापुढे माणूस फार बोलतो, हे मला आजच कळतंय, इतके दिवस मी दुसऱ्या बाजूला होते. तर हेडसरांनी यांना बोलावलं होतं. म्हणाले, या वस्तीतली पट्टी अपेक्षेपेक्षा कमी दिसतेय, खोल्याच कमी निघतायत, अनुदान कमी येणार. कमी आलं तर एक वर्ग दुसऱ्यात घालावा लागेल, आणि शेवटी लागलेल्या शिक्षकाला आधी घरी बसवावं लागेल. शेवटी लागलेला कोण? हेच. बापाला सांगायची हिंमत नाही. मला सांगितलं, इथंच, या पलंगावर बसून, या भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, चहा करू का.

म्हणजे बघा हं. खोली लपवली तर सासऱ्यांची सूट राहते आणि मुलाची नोकरी जाते. खोली दाखवली तर नोकरी कदाचित राहते, आणि सासऱ्यांची ती गोठलेली पेन्शन पट्टीतच विरघळते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना म्हणतात ते असं. मी म्हटलं होतं यांना, आपल्या एका खोलीनं काय होतंय एवढं? तर म्हणाले, “सगळी गल्ली हेच म्हणतेय.” आणि खरंच आहे. तुम्ही सकाळपासून किती अडगळी मोजल्यात? शिंप्याकडं? पाववाल्याकडं माडीच अडगळीची झाली असेल, तिथं त्याची आई राहते. आमच्या गल्लीत एवढी अडगळ आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं! आणि सगळ्यांची पोरं त्याच शाळेत जातात बरं का. पाववाल्याची मुलगी तर यांच्याच वर्गात. तिच्या आजीला लपवून तिचाच वर्ग बंद पाडायचा — आणि पाववाला वाईट माणूस आहे का? नाही हो. उरलेले पाव तो संध्याकाळी शाळेच्या शिपायाला नेऊन देतो.

तुम्ही तरी सांगा काय सांगू. नाही ना सांगवत? तुम्ही नुसते मोजता. तुमची नोकरी पक्की आहे का? — नाही? आणि पेन्शन? — नव्या लोकांना नाहीच? अगबाई. मग तुम्हाला काय बोलायचं, तुम्ही तर आमच्याहून पुढच्या रांगेत. बसा ना जरा. फळ्यांवर बसा, पलंग भक्कम आहे.

सासऱ्यांचा मला राग येत नाही. काल लिहून झाल्यावर हातावरचा खडू झटकला आणि दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले, वर्गात फळ्याकडं बघतात तसे. मग मला म्हणाले, “सूनबाई, तुझ्या खोलीच्या दारावर मी असलं लिहायला नको होतं.” बस, एवढंच, आणि गेले. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. ‘असू दे बाबा’ एवढं तरी. भिंत बोलेल एक वेळ.

काय? मोठ्यांना बोलवायलाच हवं? हो, सांगितलंत तुम्ही मघाशी चहा घेताना — खोली कशासाठी वापरता ते घरातल्या माणसानं घरच्या मोठ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, मगच तुम्ही लिहिणार. तुम्हाला पलंग दिसला, पडदा दिसला, तरी मी सांगेन तेच लिहिणार? नियमच तसा? — मग एवढं मी बोलले ते धरायचं नाही म्हणता. न बोलल्यासारखं. बरं झालं. यांच्या नोकरीचं तेवढं विसरून जा हं, विसरालच म्हणा, तुम्हाला अजून अर्धी गल्ली मोजायचीय. नका हाक मारू, मी बोलावते. नको — आलेच ते. दारातच होते वाटतं. किती वेळ? सासूबाईंच्या हातात झाडू आहे, म्हणजे ऐकत होत्या. आणि सासऱ्यांचे कान — जाऊ दे, तिकडं बघू नका. पेन काढा. विचारा तुम्ही, नियमानं विचारा मला —

“बाबा, आई, तुम्ही सांगितलंत तसंच सांगते. ही अडगळीची खोली आहे. आम्ही दोघं हिच्यातच राहतो.”